बटणची आजी

शिवणबाईंना कुठूनही बोलावणं आलं की त्यांचे गुडघे दुखायला लागत. एका शाळेनं बोलावलं, तेव्हा गुडघे. ग्रंथालयाचा कार्यक्रम होता, तेव्हाही गुडघे. त्यांच्या पुस्तकाचा प्रकाशक भला माणूस. तो म्हणायचा, "आजी, लोकांना तुम्हाला नुसतं बघायचंय हो, शर्यतीत पळवायचं नाहीये." शिवणबाई हसायच्या आणि विषय बदलायच्या. मग एक दिवस लांबच्या एका शहरातल्या लहानशा पुस्तकाच्या दुकानाकडून विचारणा झाली. मुलांसाठी दुपारचं वाचन होतं. प्रकाशकाचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्या म्हणाल्या, "येते म्हणून कळवा."

"आणि गुडघे?"

"त्यांचं मी बघते."

त्या शहरात त्यांची नात राहत होती. हे त्यांनी प्रकाशकाला सांगितलं नाही.

पुस्तकावर त्यांचं पूर्ण नाव छापलेलं होतं, पण ते वाचून हाक मारणारं कुणी नव्हतं. एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात, कपड्यांच्या खोलीत, शिवणयंत्रावर त्यांनी उभा जन्म काढला. मध्ये विरलेली चादर उभी फाडायची, धड राहिलेल्या कडा मधोमध आणून जोडायच्या, की चादर आणखी वर्षभर चालते. ऑपरेशनच्या डगल्यांना नाड्या लावायच्या. नुकत्या जन्मलेल्यांची झबली शिवायची. डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना शिवणबाई म्हणत, आणि निवृत्त झाल्यावरही तेच नाव त्यांच्याबरोबर घरी आलं.

नात जन्मली ती दिवसांआधीच, आणि इतकीशी की आजीनं स्वतःच्या हातानं शिवलेल्या सगळ्यात लहान झबल्यातही ती हरवली. "हिच्यापेक्षा माझी बटणं मोठी असतात," शिवणबाई म्हणाल्या. तेव्हापासून ती बटण. आई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची, बाप दौऱ्यावर असायचा, आणि बटण आजीच्या कमरेला चिकटून वाढली. तिचं पहिलं पाऊल, पहिला दात, पहिलं खोटं, सगळं आजीच्या साक्षीनं झालं.

घरात भांडणं होती. आवाज कधी चढले नाहीत, भांडी आपटली नाहीत, पण रात्री शेजारच्या खोलीत दोन माणसं दातओठ खात हळू आवाजात तासन् तास बोलत राहायची. भिंतीला कान नसतील, पण आजीजवळ झोपलेल्या पाच वर्षांच्या पोरीला होते. अशा रात्रीनंतर पहाटे गादी ओली व्हायची. पहिल्यांदा झालं तेव्हा बटण कोपऱ्यात उभी राहून इतकी थरथरत होती, की आजीला चादरीपेक्षा तिचंच काळीज पिळून वाळत घालावंसं वाटलं.

"अगं, घाबरतेस कशाला?" आजी म्हणाली. "समुद्र येऊन गेला वाटतं."

"कुठला समुद्र?"

"मोठा, तोच. एवढा मोठा असून रस्ता चुकतो मेला. काळोखात त्याला घर सापडत नाही, मग जिथं कुणी आपल्यासारखंच जागं असेल तिथं येऊन टेकतो थोडा वेळ."

बटणनं गादीकडे पाहिलं. "मग आता कुठं गेला?"

"लाजून गेला. परत येईल तेव्हा बघ, किनाऱ्याला कुणाकुणाला सोडून जातो ते."

मग तो खेळच झाला. समुद्र यायचा, आणि त्याच्याबरोबर एक चष्मा लावणारा खेकडा यायचा, पोहता न येणारा मासा यायचा, कायम सर्दी झालेला कप्तान यायचा. घर उठायच्या आत आजी-नात चादर धुवायच्या आणि मागच्या दोरीवर घालायच्या. "शीड चढवा!" बटण कुजबुजत हुकूम सोडायची आणि आजी "जी कप्तान" म्हणून चिमटे लावायची. आईबापांना कधी कळलं की नाही कोण जाणे. कळलं असलं तरी कुणी बोललं नाही. त्या घरात न बोलण्याची सगळ्यांनाच सवय होती.

बटण दुसरीत असताना एका दुपारी सून आली, कपाटातून कपडे काढले, पोरीला उचललं आणि गेली. शिवणबाई स्वयंपाकघरात उभ्या होत्या. थांब म्हणावं असं वाटलं, पण कुणाच्या बाजूनं म्हणायचं ते ठरेना, आणि ठरेपर्यंत जिना उतरल्याचा आवाज आला. पुढं कोर्ट झालं, कागद झाले. मुलगा म्हणाला, "आई, आता तिकडं फोन करू नकोस, सगळं चिघळतं." सुनेचा नंबर बदलला. मुलाची बदली झाली, त्यानं दुसरं लग्न केलं, आणि शिवणबाई एकट्या राहिल्या. गादी कोरडी असायची. त्यांना झोप लागायची नाही.

पुस्तक झालं ते असं. निवृत्तीनंतर त्यांना मुलांच्या वॉर्डचे पडदे शिवायला म्हणून पुन्हा बोलावलं होतं. खिडक्यांची मापं घेता घेता, रात्री चादर ओली केली म्हणून तोंड लपवून पडलेल्या एका पोराला त्यांनी समुद्राची गोष्ट सांगितली. दारात मुलांच्या डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "शिवणबाई, हे लिहून काढा. माझ्याकडे दर आठवड्याला अशी चार मुलं येतात. मी त्यांना गोळ्या देते, पण खरं औषध हे आहे." ओळखीच्या प्रकाशकापर्यंत त्यांनीच ते पोचवलं. शिवणबाईंनी लिहिलं ते मात्र डॉक्टरीणबाईंसाठी नाही, अन् त्यांच्या मुलांसाठीही नाही. त्यांच्याकडे नातीचा पत्ता नव्हता. पुस्तक सगळीकडे जातं. कुठल्यातरी दुकानात, कुठल्यातरी फळीवर बटणला दिसेल, आणि तिला कळेल की आजी शोधतेय. म्हणून गोष्टीतल्या मुलीचं नावही त्यांनी बदललं नाही. बटणच ठेवलं.

पुस्तक चाललं, अगदी हातोहात गेलं. आया ते वाचून रडत आणि मुलं खेकड्यावर हसत. मग कधीतरी हॉस्पिटलातली एक जुनी नर्स भेटली आणि बोलता बोलता म्हणाली, तुमची सून आता अमुक शहरात असते, तिथं चष्म्याच्या मोठ्या दुकानात आहे. शिवणबाईंनी ते शहर मनात जपून ठेवलं होतं. बोलावणं तिथूनच आलं.

जाण्याआधी त्यांनी एक कुर्ता शिवला. माप नव्हतं. त्या रोज शाळा सुटायच्या वेळी कोपऱ्यावर उभ्या राहिल्या आणि आठवीतल्या मुली नजरेनं मोजल्या. ही जरा रोड आहे, ही फार उंच आहे, बटण अशी असेल. जन्मभर पेशंट न बघता डगले शिवले होते, अंदाज सहसा चुकत नसे.

पुस्तकाचं दुकान म्हणजे पूर्वीचं चपलांचं दुकान होतं. मालकीणबाई चाळिशीच्या, केस आखूड, बोलायला घाईच्या. वडील गेल्यावर त्यांनी चपला काढून पुस्तकं भरली, पण गल्ली अजून त्यांना चपलावालीच म्हणत होती. भिंतींवरच्या फळ्या खोक्यांच्या मापाच्या होत्या, त्यामुळे जाडी पुस्तकं आडवी झोपली होती. पाय ठेवून चपला घालून बघायची उतरती स्टुलं होती, त्यांवर आता मुलं बसत आणि दर थोड्या वेळानं घसरत.

"या, या, आजी! फोटोवरून मी तुम्हाला उंच समजत होते," चपलावाली म्हणाली आणि जीभ चावली.

"फोटो काढणारा खाली बसला होता," शिवणबाई म्हणाल्या.

त्यांच्यासाठी खिडकीजवळ एक खुर्ची ठेवली होती. शेजारी पाण्याचा तांब्या, मागं काचेत त्यांच्याच पुस्तकाची रांग. काचेतून रस्ता दिसत होता, पलीकडे औषधांचं दुकान, एक सायकलवाला, दोन-तीन उभ्या गाड्या. शिवणबाईंचं लक्ष दाराकडे होतं. दारावरची घंटी वाजली की त्यांची मान फिरायची. आई आणि लहान मूल. पुन्हा आई आणि लहान मूल. आजोबा आणि जुळी. मग शाळेच्या गणवेशातल्या दोन मोठ्या मुली, तेराच्या आसपासच्या. शिवणबाई खुर्चीत पुढं सरकल्या. पण दोघींतली एकही बटण नव्हती. त्या मागच्या फळीला टेकून एकमेकींच्या कानाला लागल्या.

मग सून आली.

ती बारीक झाली होती. केसांत पुढं पांढरी बट आली होती आणि चष्माही लागला होता. दारातच थांबून तिनं शिवणबाईंकडे पाहिलं, आणि तिचे ओठ जुन्या सवयीनं हलले. "आई."

शिवणबाई उठल्या. गुडघ्यात खरोखरच कळ आली. त्यांनी तिच्यामागं पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

"जरा आत येता?" सून म्हणाली. चपलावालीनं काही न विचारता मागच्या गोदामाचं दार उघडून दिलं.

आत पुस्तकांचे गठ्ठे होते आणि कोपऱ्यात जुन्या चपलांची चार-दोन खोकी अजून पडून होती. बसायला जागा नव्हती, दोघी उभ्याच राहिल्या. शिवणबाईंनी पिशवीतून कुर्ता काढून पुढं केला. सुनेनं तो उलगडून स्वतःच्या खांद्यांना लावून पाहिला.

"बाह्या आखूड होतील," ती हळूच म्हणाली. "माझ्याहून उंच झालीये ती."

"तुझ्याहून?"

"वरून बघते माझ्याकडे."

शिवणबाईंनी कुर्ता तिच्या हातातून घेऊन बाही उलटी केली. "दाब ठेवलाय मी आत. उसवलं की दोन बोटं सुटेल." मग त्यांनी बाही सोडली. "कुठंय ती?"

"गाडीत. समोर, औषधांच्या दुकानापाशी."

"मग येऊ दे ना आत!"

"आई, आधी ऐकून घ्या." सुनेनं कुर्ता परत घेऊन घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. "पुस्तक तिला मीच आणून दिलं. वाचलं तिनं, आणि रात्री उशाशी घेऊन झोपली. दुसऱ्या दिवशी शाळेत घेऊन गेली. मागचा फोटो सगळ्या वर्गाला दाखवला. ही माझी आजी, म्हणाली. मला बटण म्हणायची ती."

शिवणबाईंचा चेहरा असा उजळला, की सुनेनं मान खाली घातली.

"मधल्या सुट्टीत पोरींनी पुस्तक वाचलं, आई. सगळं वाचलं."

बाहेर कुणीतरी मूल स्टुलावरून घसरलं, हसण्याचा आवाज आला. शिवणबाईंना समजायला थोडा वेळ लागला. मग समजलं.

"समुद्र म्हणतात तिला," सून म्हणाली. "तोंडावर. रोज तिच्या बाकावर पाणी ओतून ठेवतात. सहलीला गेली नाही ती, रात्रीचा मुक्काम होता म्हणून. मध्ये शाळेतच जायची बंद झाली. मी मुख्याध्यापकांना भेटले, त्यांनी सगळ्यांना रागावलं, मग आणखीच वाढलं."

"पण ती एवढीशी होती... तेव्हा सगळ्यांचंच होतं तसं."

"मला माहितीय. तिलाही माहितीय. वर्गाला कोण सांगणार?" सुनेनं चष्मा काढून पुसला. "ती म्हणते, ती गोष्ट आमच्या दोघींची होती. आजीनं ती विकली."

शिवणबाई एका खोक्यावर बसल्या. खोकं दबलं. "मी तिला शोधायला लिहिली गं," त्या म्हणाल्या. "मला तुमचा पत्ता नव्हता."

"मी द्यायला हवा होता," सून म्हणाली. "राग होता माझा. तुमच्या मुलावर होता, पण तुमच्याही वाट्याला आला. त्या दिवशी तुम्ही थांब म्हणाला असतात तर मी थांबले नसते, पण तुम्ही म्हणाला नाहीत हे माझ्या मनात राहिलं."

शिवणबाईंनी हातातली पिशवी मांडीवर घेतली.

"आज सकाळी आपणहून म्हणाली, येते," सून पुढं म्हणाली. "केस विंचरले, कपडे दोनदा बदलले. गाडी लावली आणि उतरणार तेवढ्यात तिला त्या दोघी आत शिरताना दिसल्या, तिच्या वर्गातल्या. आता उतरत नाही म्हणते."

"मी जाते तिच्याकडे. नुसतं बघून येते."

"नको आई. मी तिला शब्द दिलाय, तुम्हाला तिकडं आणणार नाही म्हणून. त्याच बोलीवर ती गाडीत थांबलीये, नाहीतर चालत घरी निघाली होती."

चपलावालीनं दार किलकिलं करून सांगितलं, मुलं कंटाळलीत. शिवणबाई उठल्या. पदरानं तोंड पुसलं आणि बाहेर येऊन खुर्चीत बसल्या. काचेतून आता त्यांना नेमकी ती गाडी दिसत होती. करडी, धुळकट, पुढची काच उजेडानं पांढरी झालेली. आत कुणी आहे की नाही ते कळत नव्हतं.

त्यांनी पुस्तक उघडलं. पहिलं वाक्य त्यांना पाठ होतं, तरी ते सापडेना. मग हॉस्पिटलात तळघरातला दिवा गेला की जशा त्या हातानं चाचपून सुईत दोरा ओवत, तशी त्यांनी सुरुवात केली. एका मुलीचं नाव बटण होतं. समुद्र रस्ता चुकला. मुलं सरसावून बसली. खेकड्याचा चष्मा पडला तेव्हा जुळी खिदळली. सर्दीवाल्या कप्तानाचं बोलणं शिवणबाई नाकातून वाचत. तेही त्यांनी केलं, आणि आया डोळे पुसत हसल्या. शीड चढवण्याचं पान आलं. ते त्यांनी उलटून टाकलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. फक्त मागं उभ्या सुनेच्या आलं.

गोष्ट संपली, टाळ्या झाल्या. "कुणाला काही विचारायचंय का आजींना?" चपलावाली म्हणाली.

मागच्या दोघींपैकी एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं. दुसरीनं हात वर केला. तिच्या चेहऱ्यावर दाबलेलं हसू होतं. पोरगी दुष्ट वगैरे नव्हती. तेरा वर्षांच्या मुलीला आपल्याऐवजी दुसरीवर हसलं जातंय याचं जे सुख असतं, तेवढंच.

"आजी, बटण खरी आहे का?" तिनं विचारलं. "म्हणजे, आमच्या शाळेत एक मुलगी आहे, ती म्हणते..."

सून पुढं सरकली. पण त्याआधी शिवणबाई हसल्या. पुढं सुनेला कायम आठवत राहिलं ते हेच, की त्या मनापासून, खळखळून हसल्या.

"खरी आहे तर!" त्या म्हणाल्या. "तुझ्यासमोर बसलीये."

मुलीला कळलं नाही.

"बटण म्हणजे मीच गं. मलाच लहानपणी बटण म्हणायचे. आणि समुद्र यायचा तो माझ्या गादीत. एक-दोनदा नाही, चांगली घोडी होईपर्यंत यायचा. आमच्या घरी माझी गादी कधी वाळलीच नाही."

दुकानभर हशा पिकला. जुळ्यांपैकी एक ओरडला, "आजी शी!"

"शी म्हण, काहीही म्हण. आता काय, म्हातारी झाले मी."

"पण ती म्हणाली," दुसरी मुलगी आता गोंधळून म्हणाली, "तिची आजी तिला बटण म्हणायची."

"म्हणायचेच. लाडानं स्वतःचं नाव दिलं होतं मी तिला. रोज माझ्या फजितीची गोष्ट सांगायचे आणि ती हसून लोळायची. तिची गादी?" शिवणबाईंनी हात झटकले. "खडखडीत कोरडी. पापड वाळवावेत अशी. मोठी धीट पोर. मी मात्र भित्री होते. शेजारच्या खोलीत जरा कुठं आवाज झाला की माझा समुद्र हजर. मग कोपऱ्यात उभी राहून लटलट कापायचे मी. वाटायचं, आता सगळ्यांना कळणार. सगळ्यांना कळणार, एवढंच डोक्यात."

हसू हळूहळू थांबलं. पुढच्या ओळीत बसलेली एक चिमुरडी उठून त्यांच्या गुडघ्याशी आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात कुजबुजली, "मग कोण आलं?"

शिवणबाईंनी काचेबाहेर पाहिलं. "माझी आजी आली," त्या म्हणाल्या.

कार्यक्रम आटोपला. मागच्या दोघी केव्हा निघून गेल्या ते कळलं नाही. जाताना त्या गाडीजवळून गेल्या आणि गाडीकडे बघून काही बोलल्या नाहीत, एवढं शिवणबाईंनी सह्या करता करता टिपलं. गर्दी ओसरली तशी सून जवळ आली. तिचा चेहरा रडून ओला झाला होता.

"मी विचारून येते तिला," ती म्हणाली. "आता त्या गेल्यात. कदाचित येईल."

ती रस्ता ओलांडून गेली. गाडीचं दार उघडून आत वाकली आणि बराच वेळ तशीच वाकून राहिली. चपलावालीनं चहा आणून ठेवला. शिवणबाईंनी कपाला हात लावला नाही. मग सून परत आली, आणि काचेपलीकडूनच तिनं मान हलवली.

आत आल्यावर म्हणाली, "तुम्ही काय म्हणालात ते सांगितलं मी तिला. सगळं."

"काय म्हणाली?"

सुनेनं उत्तर टाळलं असतं, पण शिवणबाई बघत राहिल्या. "म्हणाली, आता ती गोष्टसुद्धा माझी राहिली नाही."

शिवणबाईंनी मान डोलावली. जणू कुणी माप सांगितलं होतं आणि त्यांनी ते ऐकून घेतलं. मग सुनेच्या गालावरून हात फिरवला. "जा तू. ती एकटी बसलीये."

त्या चपलावालीबरोबर दुकानाच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. करडी गाडी वळून त्यांच्या समोरून गेली. अगदी हळू गेली, सुनेनंच हळू घेतली असावी. मागच्या सीटवर मान फिरवून बसलेली एक उंच मुलगी होती. दिसली ती तिची वेणी, एक कान, आणि कानात बारीकसं काहीतरी चमकलं. कान कधी टोचले, कुणी नेलं टोचायला, रडली का, शिवणबाईंना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी हात वर केला नाही. गाडी कोपऱ्यावर दिसेनाशी झाली, तरी त्या उभ्या होत्या. चपलावालीनं विचारलं, "आजी, ओळखीचं होतं का कुणी?" तर त्या म्हणाल्या, "नाही हो. मुलगी उंच होती, म्हणून बघितलं."

पुढं काय झालं, तर जे शिवणबाईंना हवं होतं तेच झालं. कार्यक्रमाला आलेल्या कुणीतरी त्यांचं बोलणं मोबाईलवर घेतलं होतं, ते इकडंतिकडं फिरलं. एका वर्तमानपत्रानं फोन केला, त्यांनाही त्यांनी तेच सांगितलं, आणखी रंगवून. मुलाचा फोन आला. "आई, हे काय सांगत सुटलीयेस? ऑफिसात लोक हसताहेत."

"हसू देत. तुझ्यावर नाही ना हसत?"

त्यांच्या थोरल्या बहिणीला तर काही केल्या पटेना. "अगं, आपण दोघी एका गादीवर झोपायचो. मला कधी ओलं लागलं नाही ते?"

"तुझी झोप गाढ," शिवणबाई म्हणाल्या, आणि बहिणीला गप्प बसवलं. जुन्या नर्सा भेटल्या की डोळे मिचकावत, "काय शिवणबाई, म्हणून चादरींच्या खात्यात नोकरी धरली होती होय!" त्यावरही त्या हसायच्या.

गुडघ्यांची सबब बंद झाली. जिथून बोलावणं येईल तिथं त्या जाऊ लागल्या, आणि प्रत्येक ठिकाणी कुणी विचारलं नाही तरी सांगू लागल्या की बटण म्हणजे मीच. सांगता सांगता गोष्ट वाढत गेली. डाव्या पायाचा अंगठा उजव्यावर ठेवून उभी राहायचे, असं त्या सांगत. चिमटे तोंडात धरायचे, चादरीच्या मागं लपून अंघोळीला उशीर करायचे, असं सांगत. ऐकणाऱ्यांना वाटे, काय म्हातारीची स्मरणशक्ती! त्यातलं काहीही त्यांचं नव्हतं. सगळं नातीचं होतं. चारचौघांत तिच्याबद्दल बोलायचा त्यांच्याकडे आता तेवढाच मार्ग उरला होता, आणि तोही 'मी' म्हणून.

प्रकाशकाला दुसरा भाग हवा होता. खेकडा लोकांना फार आवडला होता. शिवणबाई म्हणाल्या, "तेवढंच होतं माझ्याकडं." पुस्तक बंद करावं असंही त्यांच्या मनात आलं होतं. पण डॉक्टरीणबाईंकडे येणाऱ्या मुलांचं काय, म्हणून धीर झाला नाही.

सुनेचा अधूनमधून फोन यायचा. शाळेत आता कुणी समुद्र म्हणत नाही, असं तिनं एकदा सांगितलं. नवी कुणी मुलगी आलीये, पोरी तिच्या मागं लागल्यात. मग एकदा सांगितलं, दहावी झाली. मग, कान दुखत होता, आता बरा आहे. प्रत्येक वेळी शिवणबाई विचारत, "जवळ आहे का ती?" आणि सून म्हणे, "बाहेर गेलीये," किंवा "झोपलीये." त्या आणखी विचारत नसत.

गेल्या महिन्यात फोन आला, तो नात पुढच्या शिक्षणासाठी वसतिगृहात राहायला चालली आहे हे सांगायला. तिकडं थंडी फार, असं ऐकलं होतं.

"पांघरूण शिवून देऊ का मी?" शिवणबाईंनी विचारलं. "हलकं, पण ऊबदार. विचार ना तिला."

सून विचारून आली. "नको म्हणाली, आई."

"म्हणाली, की नुसती मान हलवली?"

"म्हणाली."

"कशी म्हणाली?"

सुनेला कळेना काय सांगावं. "म्हणजे कशी? नको म्हणाली."

"आवाज कसा आहे गं तिचा आता?" शिवणबाईंनी विचारलं.